फेरी क्वीनची फळी

केनोशा, ९ फेब्रुवारी १९९७

प्रिय बर्नी,

आधी खाली बस, मग वाच. तू उभ्याने पत्रं वाचतेस आणि शेगडीवरचं करपवतेस, हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे.

बंदराजवळचा तो जुना बार मोडीत निघाला. मालकाने तळघर उघडलं आणि म्हणाला, जीन, हवं ते उचल. बिअरच्या खोक्यांमागे, एका कुबट गालिच्याखाली काय असावं? पिनबॉलचं मशीन. ‘फेरी क्वीन’. सहासष्ट सालचं, तुमच्याच कारखान्यातलं! मागच्या उभ्या काचेवर जहाजाच्या कठड्याला रेलून तीन बाया उभ्या आहेत, त्यातल्या एकीचं नाक उडालंय. पाय गंजलेत. आणि जिच्यावरून गोळी धावते त्या फळीची दशा तर बघवत नाही. गोळीने घासून घासून सगळा रंग खाल्लाय, खाली नुसतं काळं पडलेलं लाकूड.

मी ते गॅरेजात आणून टाकलं. लोइस म्हणाली, ‘आता माझी गाडी बाहेर बर्फात राहणार का?’ मी म्हटलं, हो.

ऐक, मला ते नुसतं चालू करायचं नाही. कारखान्यातून निघालं त्या दिवशी होतं त्याहून चांगलं करायचंय. तुम्ही लोकांनी लॅकरचा एक पातळ हात फिरवला आणि मशीन ट्रकमध्ये ढकललं. मी पस्तीस वर्षं गाड्या रंगवल्यात. त्या फळीवर गाडीचं क्लिअर मारणार, ते बिनरंगी चकचकीत रोगण, चांगले तीन हात. वरून पाहिलंस तर फळी पाण्याखाली ठेवलीय असं वाटेल.

सोबत फोटो आहे, मशीनच्या पोटातल्या तारांचा. शेवटची गाठ बघ आणि सांग, तुझी का?

तुझा,
जीन

*

शिकागो, १४ फेब्रुवारी

प्रिय जीन,

बसून वाचलं. तरी कोबी करपलाच.

गाठ माझीच. भिंगातून बघितली आणि एकटीच हसत बसले. फळ्यांवर खिळे ठोकलेले असायचे, त्यांच्याभोवती आम्ही तारा ओढायचो आणि मेणाच्या दोऱ्याने आवळायचो. नाव लिहायची सोय नव्हती, म्हणून शेवटची गाठ जिची तिची. दोन वेढे आणि टोक परत आत, ती माझी. एकतीस वर्षांत किती मारल्या असतील देव जाणे. पण घरी परत आलेली ही पहिलीच.

तुला एक सांगू? मी त्या मशीनवर एकदाही खेळले नाही. तारा बांधणाऱ्या बायकांना खेळायला बंदी होती. पलीकडच्या हॉलमध्ये चाळीस-चाळीस मशीनं एकदम वाजवून तपासायचे, त्या घंटांनी माझे कान खाल्ले, पण गोळी म्हणून कधी मारली नाही. तू ती नीट केलीस की मी येणार आणि खेळणार.

आणि हो, फोन करू नकोस. मागच्या रविवारी तू केलास म्हणे. मला रिसीव्हरमध्ये फक्त गुणगुण ऐकू येते. मी आपली ‘हो हो’ म्हणत राहिले, कशाला हो म्हटलं तेही माहीत नाही. लिहीतच जा.

गुडघे कसे आहेत? गुडघ्यांपायी वर्कशॉप सोडलंस ना? मग गॅरेजातल्या फरशीवर कशाला रांगतोस? उपासाआधीच्या मंगळवारी जॅम भरलेल्या पॉन्चकी तळल्या होत्या. तुझ्या वाटच्याही मीच खाल्ल्या.

बर्नी

*

केनोशा, ३० मार्च

प्रिय बर्नी,

आज ईस्टर. लोइस चर्चहून आर्लीनकडे गेली. आर्लीन म्हणजे तिची बहीण, आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहते ती. मी तब्येतीचं निमित्त सांगून घरी थांबलो.

तुझी फेरी क्वीन आता माझ्या गॅरेजात तुकड्या-तुकड्यांत आहे. एक-एक स्क्रू वेगळ्या डबीत. पायांना पुन्हा क्रोम करून आणलं. पितळेचा एक-एक तुकडा असा घासलाय की त्यात दाढी करता येईल. नाक उडालेल्या बाईला नाक दिलं. लोइस म्हणते ते तुझ्यासारखं झालंय. तारांना हात लावला नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसल्या.

फळीवरही त्याच बाया आहेत, टोप्या घातलेल्या; तिथला रंग पाच आठवडे भरत होतो. बारीक ब्रश, श्वास रोखून. निळा मिळेना. शेवटी सत्तावन्न सालच्या एका गाडीच्या दाराचा निळा जुळला.

आता क्लिअर. डबा आणून ठेवलाय, ते कडक करणारं हार्डनरही. तीन आठवडे झाले, कपाटात तसाच आहे. उघडायला हात धजत नाही, का कोण जाणे. गॅरेज थंड आहे म्हणून असेल. भिंतीवरचा गॅसचा हीटर नीट चालतोय, तरी थोडी ऊब वाढू दे.

खोकला आहे थोडा. हवा अशी आहे. काळजी करू नकोस.

जीन

*

शिकागो, ५ एप्रिल

जीन,

खोटारड्या! तू परत सिगारेट ओढतोयस.

तब्येतीचं निमित्त, खोकला, गॅरेजात एकटा. मी काय काल जन्मले? आपले पपा असेच कोळशाच्या खोलीत जाऊन ओढायचे आणि वर येऊन ‘हवा अशी आहे’ म्हणायचे. हेच शब्द. त्यांचा शेवट तू पाहिलायस. मीही पाहिलाय, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी मी होते, तू नव्हतास. मला ते पुन्हा बघायचं नाही.

पाकीट टाकून दे. नाहीतर मी गाडीत बसून येईन आणि तुझे खिसे उलटे करीन. एकसष्ट वर्षांचा असलास तरी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहानच आहेस.

नाकाबद्दल लोइसशी वेगळं बोलेन.

बर्नी

*

केनोशा, २७ एप्रिल

बर्नी,

सिगारेट नाही. आईची शपथ.

दोन हात मारून झाले. पहिला दहा तारखेला, दुसरा अठराला. दुसऱ्याला उशीर झाला कारण मधे चार दिवस पडून होतो. फ्लू.

दुसऱ्या हातात एक चिलट पडलं. अगदी मधोमध, बाईच्या टोपीवर. काढलं. आता काही दिसत नाही.

तिसरा राहिला. तोच खरा. पहिले दोन नुसते भरण्यासाठी असतात.

अक्षर वेडंवाकडं आहे, माफ कर. अंथरुणात लिहितोय.

जीन

*

केनोशा, २९ एप्रिल

प्रिय बर्निस,

नणंद-भावजय असून मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. नाताळचं कार्ड तेवढं पाठवते, तेही जीन सही करतो म्हणून. हे पत्र त्याला माहीत नाही.

त्याने तुम्हाला गुडघे सांगितले होते. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये तो गाडी रंगवताना कोसळला. त्या क्लिअरमधला हार्डनर फुप्फुसांत गेला की कधीकधी शरीर त्याच्यावर उलटतं. एकदा उलटलं की कायमचं. मग बाटलीचं झाकण उघडलं तरी छाती आवळते. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, ‘मिस्टर कोसिबा, पुन्हा एकदा हे श्वासात गेलं तर कदाचित मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.’ त्याने मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. रंगारी रंगाला भितो असं कुणी म्हणू नये म्हणून.

मला वाटलं तो नुसतं घासतोय, ब्रशने रंग भरतोय. मी सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, तेव्हा त्याने क्लिअर मारलं. अठराला मी घरी आले तर तो मागच्या पायरीवर बसला होता. ओठ निळे. खांदे वरखाली होत होते आणि आवाज असा येत होता, जसं कुणी दाराच्या फटीतून श्वास ओढतंय. इस्पितळात नेऊ दिलं नाही. तोंडात मारायचा फवारा घेतला आणि माझा हात धरून बसून राहिला, तासभर. बर्निस, त्या तासात मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्या प्रार्थना म्हणून संपवल्या.

आता तो बरा आहे आणि तिसऱ्या हाताच्या गोष्टी करतोय. मी डबा फेकला. त्याने दुसरा आणला. तो तुमचं ऐकतो. काहीतरी करा.

लोइस

*

शिकागो, २ मे

जीन,

लोइसवर चिडू नकोस. चिडलास तर तुझं तोंड बघणार नाही.

तिचं पत्र वाचलं. मी सिगारेटवरून शिव्या देत बसले होते, आणि तू तिकडे तुझ्या श्वासाशी जुगार खेळत होतास. टपालवाला जिन्यात दिसला की वाटतं, याच्या हातात तारच आहे.

मला फेरी क्वीन नको. ऐकलंस? माझ्या गाठीसह ती मिशिगन तळ्यात टाकून दे. दोन हात पुरेत. आणि पुरत नसतील तर तुझ्या जुन्या वर्कशॉपमधल्या पोरांना दे, ते मारतील तिसरा. तू नाही. तू त्या डब्याच्या वाऱ्यालाही उभा राहायचं नाहीस.

मला भीती वाटतेय, जीन. आपण सहा भावंडं होतो, आता दोघंच उरलोय. मी बहिरी झाले, नवरा गेला, कारखान्यातल्या बायका एकेक करून गेल्या. माझ्याशी भांडणारा तू एकटा उरलायस.

लगेच उत्तर दे. दोन ओळी दे, पण दे.

बर्नी

*

केनोशा, ६ मे

प्रिय बर्नी,

जिवंत आहे. या झाल्या दोन ओळी.

आता खरं सांगतो. मास्क होता. चांगला होता. पहिल्या हाताला खोकल्यावर भागलं. दुसऱ्या हाताला मी सगळं नीट केलं, रंग फवारायची बंदूक खाली ठेवली, बाहेर पडणार तेवढ्यात ते चिलट बसलं. ओल्या क्लिअरमध्ये पाय झाडत होतं. मास्कची काच धुक्याने भरलेली, काही दिसेना. आणि मी मास्क वर केला. चिमट्याने चिलट काढलं. दहा सेकंद लागली असतील. कुठल्याही रंगाऱ्याला विचार, तो हेच करील. घरात आग लागली असती तरी मी आधी चिलटच काढलं असतं. हाच मूर्खपणा आहे आमच्या धंद्यातला.

पोरांना देणार नाही. ट्रकचे दरवाजे रंगवणारे हात आहेत ते. आणि दिली तर त्यांना कळेल, म्हातारा आता बंदूक धरू शकत नाही.

तू घाबरलीस म्हणतेस. मीही घाबरतो, बर्नी. सकाळी उठलो की आधी श्वास मोजतो. पण दुसरी भीती याहून मोठी आहे. तीस-पस्तीस वर्षं लोक म्हणायचे, जीन कोसिबाने रंगवलेली गाडी अंधारातही ओळखू येते. आता मी कोण? लोइस कामाला गेली की दुपारपर्यंत घराच्या भिंतींकडे बघणारा माणूस. ही एक फळी मला पूर्ण करू दे. दोन हातांवर सोडली तर ती नुसती चकचकीत दिसेल, खोल नाही दिसणार. रोज मला ते दिसेल. मला झोप येणार नाही.

नवा मास्क मागवलाय. या वेळी काहीही पडलं तरी वर करणार नाही.

जीन

*

शिकागो, १० मे

जीन,

‘वर करणार नाही’ म्हणे! तू करशील. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे.

तीन दिवस विचार केला. तुला थांबवता येणार नाही हे कळलं. लोइस डबा फेकेल, तू आणशील. कपाटाला कुलूप लावेल, तू तोडशील. म्हणून मीच तिसरा हात मारणार.

हसू नकोस. एकोणसत्तरची असले तरी माझा हात हलत नाही. एकतीस वर्षं मी तांदळाएवढ्या जागेवर डाख दिलाय. माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत, डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, एकदाच आणि पुरा मास्क. नवा मास्क आला की तो माझा.

तू मला सगळं पत्राने शिकव. मी बोललेलं ऐकत नाही, पण लिहिलेलं एक अक्षर चुकवत नाही. तारांचे नकाशे मी असेच वाचले. त्या दिवशी तू आर्लीनकडे बसायचं, लोइसने तुझ्यावर पहारा द्यायचा, आणि फळी वाळेपर्यंत तू गल्लीच्या या टोकाला फिरकायचं नाहीस.

मान्य असेल तर शिकवायला लाग. नसेल तर मी आजपासून तुझी कुणी नाही.

बर्नी

*

केनोशा, १६ मे

बर्नी,

दोन दिवस तुझ्यावर चडफडलो. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो.

तर ऐक. मी फळी पॉलिश पेपरने ओली घासून ठेवतो. धुरकट दिसेल, घाबरू नकोस, ती तशीच दिसायला हवी. गॅरेज उबदार हवं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या हीटर लाव. दोन तासांनी तापमानाची चकती शून्यावर आण आणि मगच बाकीचं काढ. फरशीवर पाणी शिंपड, धूळ बसते. पंखा बाहेर फेकणारा, तो चालूच ठेव. मास्क बागेत उभी राहून चढव, पट्टे घट्ट. मग कागदी अंगरखा, मग हातमोजे.

दोन भाग क्लिअर, एक भाग हार्डनर. चमच्याने सावकाश ढवळ, फेस नको.

बंदूक फळीपासून वीतभर. नेहमी तेवढीच. मनगट वळवायचं नाही, सगळी तूच सरकायचं, जशी बाई इस्त्री करते तशी. फळीच्या बाहेर सुरू कर, फळीच्या बाहेर थांब. दुसरा पट्टा पहिल्याच्या अर्ध्यावर चढला पाहिजे. थांबलीस की ओघळ येईल. घाई केलीस की संत्र्याच्या सालीसारखं होईल. मनातल्या मनात गाणं म्हण, त्याच ठेक्यात चाल. चिलट पडलं तर पडू दे. ऐकलंस? तुला माझी शपथ आहे, पडू दे.

संपलं की बंदूक ठेव, बाहेर ये, दार लाव, बागेत मास्क काढ.

एवढंच. माझे हात हे सगळं झोपेतसुद्धा करतात. लिहिताना मात्र कळलं, की कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. पोरं यायची, बघायची, शिकायची. तीनदा वाचून पाहिलं, काही राहिलं नाही ना म्हणून. काही राहिलेलं दिसत नाही.

शनिवारी, एकतीसला ये. लोइस स्टेशनवर येईल.

तुझा,
जीन

*

केनोशा, इस्पितळातून, २ जून

प्रिय जीन,

तू झोपलायस. म्हणजे झोपवलंय. घशात नळी आहे आणि शेजारचं यंत्र तुझ्या वतीने श्वास घेतंय. मला त्याचा आवाज येत नाही, म्हणून तीन दिवस मी तुझ्या छातीवर नजर ठेवून बसलेय. वर गेली की खाली येते, हे दर वेळी बघावं लागतं. लोइस नुकतीच टेकलीय. नर्स मला पाटीवर लिहून सांगते, ‘स्थिर’. काल तिने तोच शब्द चार वेळा लिहिला.

तुला काय आठवतंय मला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी सगळं तुझ्या पत्राबरहुकूम केलं. पत्र खिळ्याला अडकवलं होतं. हीटर लावला, दोन तासांनी चकती शून्यावर आणली. पाणी शिंपडलं, मास्क बागेत चढवला. आत गेल्यावर भीती वाटली, तरी बंदूक उचलली. काचेतून सगळं लांबचं दिसतं आणि आपलाच श्वास कानात भरतो, म्हणजे ऐकू येणाऱ्याच्या कानात भरत असेल. माझ्या छातीत नुसते धक्के बसत होते. पण पहिला पट्टा सरळ गेला. दुसरा त्याच्या अर्ध्यावर चढला. जीन, धुरकट फळी ओली होत गेली तशी खालचा निळा वर उमलून आला. मी भीती विसरले.

तेवढ्यात पाठीला वारा लागला. मागे पाहिलं तर तू. तोंडावर मास्क नाही, रुमाल नाही, काही नाही. गाल फुगवून श्वास कोंडला होतास. माझ्याकडे बघितलंही नाहीस. सरळ हीटरकडे गेलास, खाली वाकलास आणि गॅसची कळ फिरवलीस. विझता विझता मला आतली ज्योत दिसली. करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत. चकती शून्यावर आणली तरी ती जळतच राहते, हे मला कुठून कळणार? आणि खोलीभर क्लिअरची पेट घेणारी वाफ.

लोइसने नंतर लिहून सांगितलं. तुम्ही आर्लीनच्या टेबलावर पत्ते खेळत होतात. तू पान टाकायला हात उचललास आणि तसाच थांबलास. पांढराफटक पडलास. म्हणालास, ‘ज्योत’. आणि धावत सुटलास. गॅरेजच्या दारातून माझ्या नावाने तीनदा ओरडलास म्हणे, पार कोपऱ्यावरच्या घरात ऐकू गेलं. एक मीच ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बंदूक टाकून बाहेर आले असते, तुला आत यावं लागलं नसतं. हे मला आता जन्मभर पुरेल.

पस्तीस वर्षं तुझा हात आत शिरता-शिरताच ती कळ फिरवत आला. डोक्याला कधी विचारावं लागलं नाही, म्हणून कागदावर उतरलं नाही. मी तुला दोष देत नाही. मला कुणी गाठ कशी मारतेस विचारलं तर मीही अर्धंच सांगेन.

परत फिरताना तुझा पाय बंदुकीच्या हवेच्या पाइपात अडकला. आधाराला हात टाकलास, आणि त्या धक्क्याने कोंडलेला श्वास सुटला. मग तू ओढलास. मी बघितलं, तू आत ओढलास.

काखेत हात घालून तुला बागेत ओढत आणलं. एवढं बळ कुठून आलं माहीत नाही. तोंडाशी कान नेला, मूर्खासारखा. मला काय ऐकू येणार? तू श्वास घेतोयस की नाही हे मला कळेना. सदरा फाडला, छातीवर तळवा ठेवला. हलत नव्हती. मग हलली. मग बराच वेळ हलली नाही. लोइस आली तोवर मी तसाच तळवा दाबून धरला होता.

घर जाग्यावर आहे. मी जाग्यावर आहे. आता तूही जागा हो. मशीनचं काही विचारू नकोस, मी सांगणार नाही. आधी श्वास घे, आपला आपण.

बर्नी

*

(इस्पितळाच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर, ५ जून. नळी काढली, पण जीनला अजून आवाज फुटत नव्हता. दोघं एकाच पेनाने लिहीत होती.)

— बर्नी. किती दिवस?

— पाच. बोलायचा प्रयत्न करू नकोस, नर्स रागावेल. दुखतंय का?

— घसा. तू ठीक?

— मी ठीक. लोइस ठीक. ती खाली सूप आणायला गेलीय. रडू नकोस रे. तू रडलास की मी रडते, आणि मग कागद भिजतो.

— ज्योत लिहायला विसरलो. तुला मारलं असतं मी.

— नाही मारलंस. पुढे लिही.

— फळी?

— छान झाली. एक ओघळ नाही. एक चिलट नाही. खोल दिसते. पूर्ण झाली, जीन. आता तिच्यात काही करायचं उरलं नाही.

— खोटं. मी पडताना हात तिच्यावरच टेकला.

— तुला आठवतंय?

— ओलं लागलं. गार. पुसलंस का?

— पुसायला कोण होतं? तुला ओढत होते. वाळलं तसंच. पाची बोटं आहेत आणि अख्खा पंजा, टोप्या घातलेल्या बायांच्या मधोमध. अंगठी सुद्धा उमटलीय.

— घासून निघेल. आठशे नंबरचा पॉलिश पेपर. मग परत एक हात.

— जीन, ऐक. मी पाच दिवस तुझी छाती मोजली. वर गेली की खाली येईल का, याची दर वेळी धास्ती. माझ्याने पुन्हा नाही होणार. तू तो पंजा घासायला बसलास तर मी त्याच दिवशी मरेन, आणि हे मी चिडून लिहीत नाही. मला भीती वाटते. खरीखुरी.

— कसं दिसतं?

— भयंकर.

— फार?

— फार. इतक्या सुंदर कामाची वाट लावलीय तुझ्या त्या फावड्याएवढ्या पंजाने.

— बरं. राहू दे मग.

— खरं?

— खरं. लोइसला सांग, आणखी एक डबा आहे, पण कपाटात नाही. मी तो जिन्याखाली लपवलाय, रंगाच्या जुन्या फडक्यांमागे. तिला म्हणावं, टाकून दे.